इब्राहिमचाचांना न दिसलेलं पाणी

इब्राहिमचाचा गाडीतून उतरायच्या आधीच समुद्राचा निकाल लावायचे. "आज नको, भाऊ. भांगाचं पाणी हाय, भरतीला जोर नाय, मासा हलायचा नाय." झालं! गळ, कोळंबी, थर्मास, सगळं परत डिकीत. एवढ्या लांब आलोय तर बसू या, असं मी कुरकुरलो की ते उखडायचे. "पाणी काय तुझ्या पेट्रोलकडे बघून बदलनार?"

सौदीच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका सरकारी दवाखान्यात ते अॅम्ब्युलन्स चालवायचे आणि मी डोळे तपासायचो. चाचा दाभोळच्या खाडीकाठचे. चांदाच्या तारखेची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांना वडिलांनी शिकवलेलं. इथे तर हजेरीपटावरसुद्धा चांदाचीच तारीख! चाचा खूश. तोच हिशेब लावून त्यांनी सहा महिने मासे धरायचा प्रयत्न केला आणि रिकाम्या हाताने परतले. "ह्यो दर्या उलट्या डोक्याचा," म्हणाले. मग वर्षभर दर शुक्रवारी उथळ पाण्यात काठी रोवून त्यांनी इथली भरती-ओहोटी नव्याने शिकून घेतली. त्यानंतर ते कधी चुकले नाहीत. गढूळ आणि निवळ पाण्याची शीव त्यांना लांबून दिसायची. "तिथंच टाक," म्हणायचे, आणि मासा तिथेच लागायचा.

मग आखातात लढाई आली. बायकामुलं गावी पाठवलेली, खिडक्यांना टेप, उशाशी विषारी वायूसाठीचा मुखवटा. शुक्रवारचा समुद्र तेवढा आमचा उरला होता. त्या दिवसांत चाचा पाण्याजवळ जाऊन हात बुडवायचे, बोटं चोळून वास घ्यायचे. वय झालं म्हातार्‍याचं, असं मी समजलो. मी गाढव!

समुद्रात तेल सुटल्याची बातमी ऐकूनही एका शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. वारा जमिनीवरून वाहत होता, वास कसलाच नव्हता. चाचांनी हात बुडवला आणि खुशीत म्हणाले, "निवळशंख हाय. यल्ला, उतर पाण्यात."

सरळ समोर, शंभर पावलांवर, डांबरासारखा काळा तेलाचा पट्टा भरतीबरोबर आमच्याकडे सरकत होता.

"चाचा, समोर काय दिसतंय?"

त्यांनी ओला हात सदऱ्याला पुसला. मग हळूच म्हणाले, "लांबचं सगळं धुरकट. तुझी आकृती तेवढी दिसते."

"कधीपासून?"

"गेल्या रमजानपासून. साखरेनं खाल्ले डोळे. रस्ते पाठ हायत, त्यावर भागवतो."

आणि हा माणूस रोज अॅम्ब्युलन्स चालवत होता! त्यांनी माझा दंड धरला. "भाऊ, मे महिन्यापर्यंत गप रहा. जमिलाचं लगीन हाय. आता नोकरी गेली तर पोरीचं काय होईल?" मी गळ आणि थर्मास डिकीत टाकले. परतताना गाडी मीच चालवली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं. तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्यांना वाचता आलं नाही. मी 'अपात्र' लिहिलं. ते रडले नाहीत, मीच रडलो.

दवाखान्याच्या साहेबाने आम्हा दोघांना बोलावलं. चाचांच्या नजरेचा चार महिन्यांपूर्वीचा दाखला त्याच्या टेबलावर होता. दोन्ही डोळे उत्तम, खाली माझी सही. "हे कसं?" त्याने मला विचारलं. दाखल्याच्या दिवशी बाहेर रांग होती, आणि चाचांची नजर काय तपासायची, असं म्हणून मी न तपासताच सही ठोकली होती. खरं सांगितलं असतं तर त्यांच्यामागोमाग मीही घरी गेलो असतो.

माझ्याआधी चाचाच बोलले, मोडक्यातोडक्या अरबीत. "साहेब, याची चूक नाही. मी तक्ता पाठ केला होता. याला फसवलं मी."

तक्ता मी त्यांच्यापुढे धरलाच नव्हता. साहेबाने माझ्याकडे पाहिलं.

मी 'हो' म्हणून मान हलवली.