दहापैकी दहा

बायकोला हे ठाऊक नाही. आईला मी फोनवर पोटाच्या तक्रारींपासून आमटीच्या फोडणीपर्यंत सगळं सांगतो, पण हे तिलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मध्येच बोलणार नाही. थोडा फिरत फिरत येईन मुद्द्यावर. वाटेत एखादी थाप मारली तर ओळखालच. शेवटाला मात्र मारणार नाही.

तर — बायको डॉक्टर, तिची नोकरी केरी नावाच्या आयरिश परगण्यात, ट्रलीला, आणि मी तिच्या मागून आलेला नवरा. नाव मकरंद. इथल्या लोकांनी आठवडाभरात त्याचं ‘मॅक’ करून टाकलं, म्हणजे मी जवळपास केरीचाच झालो. पण नवरा म्हणून एखादा माणूस किती दिवस ओळखला जाणार? मग मला ते मंडळ सापडलं. रविवारी दुपारी एका पबच्या मागच्या खोलीत पाच-सात माणसं जमतात. कुणीतरी एक जुना, नावाजलेला आल्बम आणतं. एक बाजू पूर्ण वाजवायची, तोंड उघडायचं नाही, आणि मग प्रत्येकाने दहापैकी मार्क द्यायचे.

मार्क! पेपर तपासणाऱ्यांच्या देशातून आलेला माणूस मी. मी काय सोडतो? पहिल्याच रविवारी सगळी खोली डोळे पुसत असताना मी एका जगप्रसिद्ध आल्बमला साडेपाच दिले. ‘ढोल आधी आला, विचार मागून आला,’ म्हणालो. खोलीत अशी शांतता पसरली की बिअरचा फेस बसतानाचा आवाज ऐकू यावा. मग त्यांनी विचारलं, तू कुठला? म्हटलं, मिरजेचा. आमच्याकडे तंबोरे बनतात. गल्लीतली कुत्रीसुद्धा षड्ज लावून भुंकतात. खरं सांगू? मी चिंचवडचा. मिरजेला एकदाच गेलो होतो, मुतखड्यासाठी. पण त्या दिवसापासून माझ्या मार्कांना वजन आलं. साडेसातच्या वर मी कुणाला जाऊ दिलं नाही. लोक आपले लाडके आल्बम पोराला इंटरव्ह्यूला आणावं तसे घेऊन यायचे.

आणि माझी ती तिथल्या तिथे सुचलेली वाक्यं? ती तिथे सुचायचीच नाहीत. मी लवकर जायचो, आणणारा आल्बम ठेवून पुढे बारवर गेला की तो चोरून ऐकायचो आणि वाक्यं पाठ करायचो. पण कबुली ही नव्हे. ही तर नुसती लबाडी.

डोनलबद्दल सांगायला हवं. ऐंशीकडे झुकलेला, उंच, आयुष्यभर टपाल वाटलेला माणूस. रेकॉर्डप्लेअर त्याचा. तो तिथल्या प्रेसमध्ये — इथे कपाटाला प्रेस म्हणतात, मी पहिल्यांदा इस्त्री शोधत बसलो होतो — चादरीत गुंडाळून ठेवलेला असायचा. सुई डोनलच ठेवणार, दुसरं कुणी नाही. मार्क तो कधी द्यायचा नाही. सगळ्याला ‘ग्रँड’ म्हणायचा. आमच्या पहिल्या हिवाळ्यात मला या अरुंद रस्त्यांवर गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. त्या शिकवणीतच एकदा तो सहज बोलला होता, की त्याची मोठी बहीण शेवटी त्याला ओळखत नव्हती. चुलत्याचंही तसंच झालं. ‘आमच्या घरात ते आहे, मॅक,’ म्हणाला, आणि मला गियर बदलायला सांगितलं.

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

त्या रविवारी ब्रीडा नावाच्या निवृत्त शिक्षिकेने एक आल्बम आणला. क्लेअर परगण्यातल्या कुठल्याशा फिडलवाल्याचा, कुणीच न ऐकलेला. जुन्या दुकानात मिळालेला. फिडल म्हणजे व्हायोलिनच, पण इथे तसं म्हटलं की माणसं दुखावतात. बहुतेक आल्बम मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांच्या वेगाने फिरतात, हा पंचेचाळीसचा होता. डोनलने लेबल वाचून वेगाचा खटका पंचेचाळीसवर ठेवला आणि तो चहाचं बघायला बाहेर गेला. बाकीचे अजून बारवरच होते, मी नेहमीप्रमाणे आवाज बारीक करून सुई टेकवली. पहिली एक संथ धून होती. गोड. मनात म्हटलं, सात. मग त्यातली एक मुरकी नीट कळेना, ती हळू ऐकावी म्हणून मी खटका तेहेतीसवर ओढला.

काय सांगू तुम्हाला — ती फिडल उतरली. खाली, अजून खाली, सारंगीच्या गावात गेली. जी मुरकी होती ती मींड झाली. दोन सुरांच्या मध्ये एवढी जागा झाली की तिथे माणसाने घर बांधावं. वाजवणाऱ्याचा पाय जमिनीवर पडायचा तो दूरच्या गडगडाटासारखा ऐकू येत होता. त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि तो श्वास माणसाचा वाटत नव्हता, डोंगराचा वाटत होता. मी, षड्जात भुंकणाऱ्या गावचा खोटा रहिवासी, तिथे उभ्या उभ्या रडलो. ही थाप नाही.

मग पावलं वाजली, सगळे आत येत होते. मी सुई उचलली. खटका —

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलोय की खटका परत फिरवायला मी विसरलो. विसरलो नाही. मला ते पुन्हा ऐकायचं होतं. आणि सगळ्यांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, दहा द्यायचे होते. डोनलची सवय होती, सुई ठेवण्याआधी खटक्याला एकदा बोट लावायचं. त्याचं बोट तिकडे जाताना मी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि एक किस्सा सुरू केला. तो एवढा हसला की त्या हसण्यातच त्याने सुई ठेवली.

धून संपली. एकाने हळूच म्हटलं, ‘युअर मॅन इज नॉट बॅड,’ म्हणजे हा गडी काही वाईट नाही, आणि केरीत याच्यावर कौतुक नाही. मी नियम मोडून उभा राहिलो आणि गरजलो, ‘दहा! दहापैकी दहा!’ टाळ्या वाजल्या. मग दुसरी धून लागली. ती नाचाची होती.

‘याच्यावर कोण नाचणार?’ ब्रीडा म्हणाली. ‘गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या गाई?’ तिने वाकून लेबल पाहिलं, खटका पाहिला, आणि खोली हसून हसून आडवी झाली. मीसुद्धा हसलो. सगळ्यांत मोठ्याने.

डोनल हसला नाही. ‘मी लावला होता पंचेचाळीसवर,’ तो म्हणाला. ‘लावल्याचं आठवतंय मला.’

‘होतं असं, डोनल,’ ब्रीडा प्रेमाने म्हणाली.

तो आपल्या हाताकडे बघत राहिला. तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी लोकांना कुत्र्यांचे सूर विकलेत — मला एक खरं वाक्य जड होतं? होतं. कारण मग विचारलं गेलं असतं, की तू आधीच ऐकत होतास काय? आणि माझे सगळे मार्क, सगळे साडेपाच आणि साडेसहा, जमिनीवर आले असते.

मला घरी सोडताना डोनलने गाडी थांबवली. ‘मॅक, तू तिथेच होतास. मीच केलं ना ते?’ पाऊस नव्हता, रस्ता रिकामा होता, घाई कसलीच नव्हती. मी म्हटलं, ‘कुणाचंही होतं.’

पुढच्या रविवारी त्याने सुई माझ्या हाती दिली. मग गाडी चालवणं सोडलं. त्याच्या घराकडे बस म्हणजे अफवाच, त्यामुळे हळूहळू येणंही सुटलं. डॉक्टरांनी तपासून काही नाही म्हणून सांगितलं, पण त्याला ते पटलं नाही. जे घडलंच नाही ते आपल्याला लख्ख आठवतं, याहून मोठा पुरावा कुठला, असं तो म्हणायचा. घर बंद करून तो क्लेअरमध्ये एनिसला पुतणीकडे राहायला गेला.

मागच्या महिन्यात भेटून आलो. त्याने पुतणीच्या दोन्ही पोरांची नावं मला दोनदा म्हणून दाखवली, परीक्षेला बसल्यासारखी. बरोबर होती. मग विचारलं, ‘सुई आता कोण ठेवतं?’

‘मीच.’

‘ग्रँड,’ तो म्हणाला. ‘तुझं लक्ष असतं.’

मी चहा प्यायलो आणि निघालो.

खटका मी फिरवला होता. डोनलला बरोबर आठवत होतं.