शेणाच्या गॅसवर उकळलेल्या सुया

नर्स म्हणून माझी पहिलीच नेमणूक दुसरबीडकडच्या खेड्यांवर झाली. वय वीस, अंगात नुसता वारा भरलेला! महिन्यातून एकदा चिखलीहून एसटीनं निघायचं. थर्मासमध्ये सोडावाल्याकडचा बर्फ, बर्फात लसीच्या बाटल्या, आणि गावात पोचलं की बंद दारं. कुणाच्या तरी लेकराला सुईनंतर ताप चढला होता, गावाला तेवढं पुरलं. दोन खेपा मी घसा कोरडा केला, एक लेकरू हाती लागलं नाही. असा संताप यायचा! त्यात शेजारच्या गावात डांग्या खोकला येऊन ठेपलेला.

सगळ्यात घट्ट दार होतं भाजीचा मळा करणाऱ्या काकूंचं. त्यांचा थोरला मुलगा तान्हा असतानाच खोकल्यानं गेला होता. आता घरात सात महिन्यांचा नातू, आणि सुईच्या तापानं हाही जाईल या धास्तीनं त्या मला त्याच्या अंगाला बोट लावू देत नव्हत्या. त्यांचं पाहून बाकीच्या बायकाही नाहीच म्हणायच्या.

तिसऱ्या खेपेला गेले तर गल्ल्या ओस. साऱ्या बायका काकूंच्या स्वयंपाकघरात, एकेकीच्या कडेवर एकेक पोर! काकांनी परसात गोबरगॅस बांधला होता, तो आज पेटणार होता. शेणपाण्यातून कुठं जाळ निघतो का, म्हणून गावभर हसणं चाललेलं, आणि सगळ्यात जास्त काकू हसायच्या. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जिला दारोदार शोधत होते ती अख्खी पलटण एका खोलीत!

काकांनी काडी ओढली आणि भप्पकन निळा जाळ उठला. धूर नाही, काही नाही. नव्या चुलीवर आधी दूध उतू घालायचं, म्हणून काकूंनी पातेलं चढवलं. दूध रीतीप्रमाणे उतू गेलं, पण थेट बर्नरवर, आणि गॅस विझला. मग जो वास सुटला! बायका लेकरं घेऊन दाराकडे धावल्या, काका डोक्याला हात लावून उभे. मी कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, वास गेल्यावर बर्नर पुसून पुन्हा पेटवला. बायका परतल्या त्या माझ्याकडे असं बघत, जणू तो गॅस मीच काढला होता.

डाव साधावा तो अशा वेळी. सुया उकळायला माझ्या पिशवीत स्पिरिटचा दिवा होता, त्याचं नावही काढलं नाही. सिरिंज आणि सुयांचं भांडं सरळ त्या निळ्या जाळावर ठेवलं. पाणी उकळेपर्यंत बायका कौतुकानं बसल्या, मीही बसल्या बसल्या खोकल्याचं सांगत राहिले. पाणी खळखळलं. बर्फ वितळत चाललेला, आणि साऱ्यांचे डोळे काकूंकडे.

काकू बराच वेळ जाळाकडे बघत होत्या. मग त्यांनी नातू माझ्यापुढे धरला.

"हे जळणार नाई म्हणून महिनाभर हासली मी," त्या म्हणाल्या. "जळलं. आता सुईचंबी मी चुकलीच असली तं बरं होईन बाई."

मी सिरिंज भरली आणि सुई टोचली. नातवानं भोकाड पसरलं, आणि काकू त्याला छातीशी धरून त्याच्याहून मोठ्यानं रडल्या. कुणीच त्यांना गप्प केलं नाही. मागे बायका एकेक करून पुढे सरकत होत्या.