गाढवं शोधायला निघालेला राजा

अमेरिकेत, कॅरी गावात, आमच्या शेजारच्या घरात एक निवृत्त पाद्री एकटेच राहायचे. त्यांची नजर जवळजवळ गेली होती. एका शनिवारी मी त्यांना कढी-भात नेऊन दिला, तेव्हा ते म्हणाले, "थोडं बायबल वाचून दाखवशील? रेकॉर्डिंगमधला माणूस फार गोड वाचतो. मला झोप लागते."

त्यांना शौलची गोष्ट ऐकायची होती, इस्राएल लोकांच्या पहिल्या राजाची. मी नागपूरची, हा राजा मला ठाऊकच नव्हता. त्यांना सगळं तोंडपाठ आणि मला ओळ न् ओळ नवी, असं आमचं वाचन सुरू झालं.

सुरुवातीलाच मला तो आवडला. वडिलांची हरवलेली गाढवं शोधायला निघाला आणि राजा होऊन बसला. निवड जाहीर झाली तेव्हा हा उंचापुरा तरुण सामानाच्या ढिगात लपला होता. मी हसले.

"हसून घे," पाद्री म्हणाले. "पुढे हसायला मिळणार नाही."

पहिल्याच लढाईत त्याने वेढ्यात अडकलेलं याबेश नावाचं एक गाव सोडवलं. मग घसरण सुरू झाली. शत्रू समोर, सैनिक पळताहेत, आणि यज्ञ करायला येणारा संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा माणूस, ठरल्या दिवशी उगवलाच नाही. शेवटी राजाने स्वतःच यज्ञ उरकला. तेवढ्यात संदेष्टा हजर. म्हणाला, तुझं राज्य टिकणार नाही.

मी वाचायची थांबले. "उशीर त्याने केला आणि शिक्षा याला?"

"थांबायला सांगितलं होतं. थांबला नाही. मी आयुष्यभर हेच शिकवलं."

"तुम्हाला पटायचं?"

त्यांनी भाताची ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "मलाही असंच उतरवलं." त्यांच्या चर्चचं छप्पर गळत होतं. समितीचा निर्णय काही होईना, म्हणून त्यांनी कुणाला न विचारता कारागीर बोलावून ते दुरुस्त करून घेतलं. समितीने त्यांना घरी बसवलं. जागेवर एक तरुण पाद्री आला. "चांगला आहे. गातो सुंदर. मी त्याच्याशी एकदाही बोललेलो नाही."

पुढच्या शनिवारी शौलच्या दरबारात एक धनगर मुलगा आला. वीणा वाजवून राजाचं मन शांत करायचा. लोक त्याचं कौतुक करू लागले आणि राजाने त्याच्यावर भाला फेकला. मी वाचत होते, पाद्री हाताने खुर्चीची कड चाचपत होते. मी पान उलटलं.

शेवटच्या लढाईत राजाची मुलं मेली आणि त्याने स्वतःच्याच तलवारीवर अंग टाकलं.

"बास," पाद्री म्हणाले. "माझं प्रवचन इथेच संपायचं."

"पण अजून थोडं आहे."

शत्रूने राजाचं प्रेत गावकुसावर टांगलं होतं. ते याबेशच्या लोकांना कळलं. ते रातोरात चालत गेले, प्रेत उतरवून घरी आणलं, दहन केलं आणि त्याच्या अस्थी झाडाखाली पुरल्या. आपल्याला वाचवणारा तो पहिला शौल ते विसरले नव्हते.

"परत वाच," पाद्री म्हणाले. मी परत वाचलं. "हे मी लोकांना कधी सांगितलंच नाही," ते पुटपुटले.

रविवारी सकाळी त्यांनी फोन केला. "ड्राइव्ह करशील? चर्चला जायचंय."

आम्ही शेवटच्या बाकावर बसलो. तरुण पाद्री खरंच सुंदर गात होता. प्रार्थना संपल्यावर तो थेट आमच्याकडे आला आणि समोर उभा राहिला. म्हाताऱ्यांनीच हात पुढे केला. नजर नसल्यामुळे तो हात थोडा बाजूला गेला. तरुण पाद्रीने तो दोन्ही हातांत धरला.

"गळतं का अजून?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"नाही सर. तेव्हापासून थेंबही नाही."

आता रविवारी त्यांना न्यायला चर्चमधलं कुणीतरी येतं. शनिवार माझा. सध्या आम्ही शौलनंतर राजा झालेल्या त्या धनगर मुलाचं राज्य वाचतोय, आणि तो मला शौलइतका अजून आवडलेला नाही.