सांडलेली ओटी

चैत्रातलं हळदीकुंकू म्हणजे पन्हं, आंब्याची डाळ आणि एकमेकींच्या साड्यांकडे तिरके कटाक्ष. त्या वर्षी आमच्या घाटकोपरच्या चाळीत सासूबाईंनी भाषणही ठेवलं. निवडणूक तोंडावर होती आणि एका पक्षाच्या पुढारी बाई कुटुंबनियोजनावर बोलायला येणार होत्या. मी लग्न होऊन नुकतीच आलेली. पण त्या भाषणाची सगळ्यांत जास्त वाट पाहत होत्या माझ्या थोरल्या जाऊबाई. पाचव्या बाळंतपणात त्या मरता मरता वाचल्या होत्या आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, आता सहावं नको. नको म्हणजे काय करायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

बाई छान बोलल्या. राष्ट्रमाता, राष्ट्रधर्म, नवभारताची उभारणी, संयमाचं तेज! मला तर आपण स्वयंपाकघरातून थेट दिल्लीलाच पोचलो असं वाटायला लागलं. टाळ्या थांबल्या आणि जाऊबाई उभ्या राहिल्या.

"ते सगळं खरं हो बाई," त्या म्हणाल्या, "पण नवऱ्यानं नाही संयम ठेवला तर? मुलं थांबवायचा दवाखाना आहे म्हणतात, तो कुठे ते तेवढं सांगा ना."

पन्ह्याचे पेले हातातल्या हातात राहिले. सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. बाई मात्र गोड हसल्या.

"भगिनींनो, हा प्रश्न एका बाईचा नाही, राष्ट्राचा आहे!"

पुन्हा टाळ्या. मी थक्क झाले. विचारलं काय, उत्तर काय, आणि टाळ्या कशाला वाजवता?

मग ओट्या भरायचा मान पाहुण्या बाईंचाच. जाऊबाईंनी सवयीनं पदर पसरला. बाईंनी त्यात भिजवलेल्या हरभऱ्यांची ओंजळ घातली आणि तितक्याच सवयीनं म्हणाल्या, "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव!"

जाऊबाईंनी पदर सोडून दिला. हरभरे खोलीभर पसरले.

"अगं, ओटी सांडलीस!" सासूबाई किंचाळल्या. सवाष्णीची ओटी सांडली म्हणून सगळी चाळ हादरली. तो आशीर्वाद ऐकून मात्र एकही बाई दचकली नव्हती, आणि मला त्याचाच धक्का बसला होता.

पुढचा चैत्र यायच्या आत जाऊबाई गेल्या. सहावं बाळंतपण. चाळीनं निकाल लावून टाकला, ओटी सांडली होती ना, दुसरं काय होणार!

समाचाराला त्या बाई आल्या. एव्हाना निवडून आल्या होत्या. डोळे भरलेले, आणि ते पाणी खोटं नव्हतं, हे मी आजही म्हणेन. सासूबाईंचा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "मातृत्वाच्या यज्ञात आहुती पडली हो."

त्या शब्दांनी सासूबाईंना बरं वाटलं. त्यांनी डोळे पुसले. जाऊबाईंचं तान्हं मूल माझ्या मांडीवर होतं. त्याला छातीशी धरून मी बाईंकडे वळले.

"आहुती कसली?" मी म्हटलं. "त्यांनी तुमच्याकडे दवाखान्याचा पत्ता मागितला होता."