मी लिहून दिलेला कागद

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्यांवर जुन्या जिल्ह्याचं नाव पुसून नवं रंगवलं होतं, पण घाईत. ऊन तिरपं पडलं की खालचं जुनं नाव वर यायचं. त्याच दिवसांत सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक खोली उघडली. पाटीवर 'मनोविकार विभाग' आणि लोकांच्या तोंडी 'येड्याचा दवाखाना'. डॉक्टरीणबाई फक्त बुधवारी यायच्या. मी तिथं आया होते.

मी हदगावकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, आणि दोन वर्षांत नवऱ्यानं परत आणून घातलं. माहेरच्या दारात बसून लोकांच्या नजरा खाण्यापेक्षा लांब गेलेलं बरं म्हणून मावशीनं लातूरला आणून चिकटवलं. माझ्या बोलण्याला सगळे हसायचे. नर्सबाई मुद्दाम विचारायच्या, "काय गं, झाडून राहिलीस, पुसून राहिलीस, मग राहतीस तरी कुठं?" मीही हसायचे. पण कुणी मोठ्यानं हाक मारली की हातातलं टाकून धावायचे. वाटायचं, झालं, आता काढून टाकतात.

डॉक्टरीणबाईंनी काढलं नाही, उलट शिकवलं. त्याचं असं झालं. दुष्काळात रेशनवर ज्वारी मिळायची, ती निम्मी खडेच. एका बुधवारी मी कोपऱ्यात सूप घेऊन ती निवडत होते. तीन आठवडे तोंड न उघडलेली एक म्हातारी रांगेतून उठली, माझ्यासमोर बसली, मूठभर ज्वारी ओढून खडे वेचू लागली आणि वेचता वेचता तिनं मेलेल्या लेकीचं सगळं सांगितलं. माझ्याकडं एकदाही न बघता. डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पुढच्या बुधवारपासून मला झाडू ठेवायला सांगितला आणि सूप घेऊन बसवलं. दोनच गोष्टी बजावल्या, "सल्ला द्यायचा नाही. आणि आजाराला नाव ठेवायचं नाही, ते माझं काम."

पहिली मी बरेच दिवस पाळली.

औशाजवळच्या एका गावातून एक सासू सुनेला घेऊन आली. सून असेल वीस-बावीसची, काटकुळी, डोक्यावर घागरींनी केस विरळ झालेले. मंगळवारी आणि शुक्रवारी तिच्या अंगात देवी यायची. सासूनं पदर खोचला आणि वकिलासारखी सुरू झाली.

"गल्ली सगळी पाया पडायली हिच्या. पाऊस कवा म्हणून इचारलं, तर पोळ्याच्या आत म्हणली. पोळा गेला, बैलं तशीच कोरडी. देवी असती तर चुकली असती व्हय? तुमी सांगा बया, देवी हाय का थोतांड हाय."

सून खाली बघत होती. मी सूप पुढं सरकवलं.

पाच-सहा बुधवार ती यायची. खडे वेचायची आणि बोलायची. गावात टँकर आला की त्याचं पाणी विहिरीत सोडायचे आणि मग विहिरीवर झुंबड. ही पहाटेपासून तिथं उभी. घरी आली की सासू, दीर, नणंद, म्हशी. बसायला जागा नाही. एकदा हसून म्हणाली, "बाई, देवी आली की सासू मला पाटावर बसवती. पाय धुती. त्या दिवशी घागर न्हाई उचलावी लागत. आन् कुणी माझ्यावर वरडत न्हाई."

"मग देवी गेल्यावर?"

"मग परत मी."

हे ऐकून मला सगळं उलगडल्यासारखं झालं. पुस्तक न वाचता मी रोगाचं मूळ शोधलं, असा माज चढला. खरं तर तिनं मला मूळ नव्हे, आधार दाखवला होता. आठवड्यातले दोन दिवस तिला माणसासारखं वागवलं जायचं, ते तिनं कुणाला न मागता, कुणाशी न भांडता मिळवलं होतं. पण मला तेव्हा ते दिसलं नाही. बोलून बोलून ती मोकळी होत होती. एका आठवड्यात शुक्रवारी देवी आलीच नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "छान. घाई करू नकोस."

मी घाई केली. पुढच्या बुधवारी डॉक्टरीणबाईंना मीटिंगला बोलावणं आलं आणि त्या दुपारीच गेल्या. मागं सासू हटून बसली. "कागूद द्या. न्हाईतर अवसेला भगताकडं नेते. तो मिरचीची धुरी देतो, मग बोलती देवी कोण अन् सटवी कोण ते." मिरचीची धुरी म्हटल्यावर सुनेचे हात सुपातच थांबले.

टेबलावर दवाखान्याचे कागद होते. त्यांच्यावर नावं मीच लिहायचे, अक्षर चांगलं म्हणून. मी एक ओढला आणि लिहिलं, 'हिच्या अंगात देवी येत नाही. हा मनाचा आजार आहे. उपचार चालू आहेत.' शिक्का मारला. सासूला वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं, मोठ्यानं, वर्गात धडा वाचावा तसं. सासूनं कागद डोक्याला लावून कमरेच्या पिशवीत घातला. धुरी टळली. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

पुढचे तीन बुधवार सून आली नाही. चौथ्या बुधवारी आली, एकटी. सुपाला हात लावला नाही.

"मंगळवारी आली होती ती," म्हणाली. "खरीच आली होती का मी आणली, मला बी कळंना. सासू बादली घेऊन आली. म्हणली, ऊठ, आपल्याकडं कागूद हाय. भांड्यातलं खरकटं पाणी वतलं अंगावर. गल्लीतल्या बायका हसायल्या. बाई, ते काय लिवलंय ते खोडा."

"खोडून कसं चालंल? देवी नव्हतीच ना ती."

"मला ठाऊक हाय नव्हती. तुमी त्यांना कशाला सांगितलं?"

मी काहीतरी बोलले. सल्लाच दिला असेन.

महिनाभरानं तिचा चुलतसासरा दवाखान्यात आला. बुधवार नव्हता, मी एकटीच होते. घरच्यांनी सोडचिठ्ठी ठरवली होती. येडी पोरगी फसवून गळ्यात बांधली असं त्यांचं म्हणणं, आणि पुरावा म्हणून माझा कागद. "चार माणसांत येऊन सांगा बाई, तेवढंच." मी गेले. औशाच्या गाडीत बसताना ठरवलं होतं, खरं सांगायचं. मी आया, शिक्षण सातवी, डॉक्टरांना न विचारता लिहिलं. एवढं म्हटलं असतं की तो कागद चुलीत घालायच्या लायकीचा झाला असता, आणि तिच्या भावाला भांडायला तोंड मिळालं असतं.

देवळाच्या पारावर माणसं बसली होती. बायका लांब, भिंतीला टेकून. ती मला बघून उठून उभी राहिली. तिला वाटलं, मी तिच्या बाजूनं आले. चुलतसासऱ्यानं कागद माझ्यापुढं धरला.

"हे डॉक्टरीणबाईचंच ना?"

तिचा भाऊ माझ्याकडं बघत होता. माझ्या डोळ्यांपुढं हदगावचं दार, तिथं बसलेली मी. आया होऊन शिक्का मारला हे कळलं तर माझी नोकरी जाणार, डॉक्टरीणबाईंवरही बालंट येणार. ज्यांनी मला माणसात आणलं त्यांच्यावर. असं मी मनाला सांगितलं. उपकाराचं नाव पुढं केलं की भीती दिसत नाही.

"हाव," मी म्हणाले. "दवाखान्याचंच हाय."

नवऱ्यानं टाकलेली मी, दुसरीला टाकायला साक्ष देऊन आले. परतीच्या गाडीत कंडक्टरनं दोनदा विचारलं, बाई, बरं वाटंना का?

डॉक्टरीणबाईंना मी महिन्यानं सांगितलं. त्यांनी टेबलावरचे कोरे कागद आणि शिक्का कपाटात ठेवून कुलूप घातलं, आणि म्हणाल्या, "पुढच्या बाईला पाठव." काढलं नाही मला. दुसरं कुणी नव्हतंच बसायला. त्या उपकाराखाली मी आजवर वाकून आहे आणि तो मला कधी गोड लागला नाही.

पुढं मी बरीच वर्षं बायकांसमोर बसले. लोक समुपदेशक म्हणू लागले. कुणी अंगात येतं म्हणालं, दातखीळ बसते म्हणालं, तर मी आधी विचारते, हे गेलं तर घरात तुझं काय जाईल? उत्तर मिळेपर्यंत त्याला हात लावत नाही. घरच्यांनी कितीही खोदून विचारलं तरी तिला विचारल्याशिवाय एक शब्द सांगत नाही. चांगली पद्धत आहे, असं शिकायला येणाऱ्या मुली म्हणतात. ती कुणाच्या जिवावर शिकले ते त्यांना सांगत नाही.

ती सून एकदाच परत आली, पारावरच्या त्या दिवसानंतर दोनेक वर्षांनी. कंधारकडं माहेरी राहत होती, भावाच्या घरी. रांगेत शेवटी बसली. नंबर आल्यावर समोर येऊन बसली. मी सवयीनं सूप पुढं केलं, तिनं ते बाजूला ठेवलं.

"कशी आहेस?"

"मला काय बी सांगायचं न्हाई," ती म्हणाली. "आज तुमी सांगा. पारावर तसं का म्हणलात?"

मी इकडंतिकडं बघितलं. मग म्हणाले, "नोकरी जाईल म्हणून भ्याले."

"एवढंच?"

"एवढंच."

मी तिच्याकडून कशाच्या तरी अपेक्षेनं थांबले होते, शिवी तरी, रडणं तरी. तिनं पदर सारखा केला.

"बरं," म्हणाली, आणि उठून गाडी गाठायला निघून गेली.