डिकीतला तांदूळ

माझी गाडी पुढच्या चाकांवर चालते, हे मला ती घेतल्यावर महिन्याभराने कळलं. तेही आमच्या इथल्या अख्ख्या मराठी मंडळासमोर, चिखलात.

गाडी अमेरिकन, सत्तरच्या दशकातली. आत सोफ्यासारख्या सीट्स, स्टिअरिंग डाव्या हाताला, आणि लांबी अशी की लंडनमधल्या हॅरोतल्या आमच्या ड्राइव्हवेवर लावली तर नाक फुटपाथवर येतं. पोस्टमन वळसा घालून जातो. अशी गाडी मला कॉलेजात असल्यापासून हवी होती. ती मिळाली साउथहॅम्प्टनला, एका निवृत्त भूलतज्ज्ञ बाईंकडे.

बाईंनी चहा दिला आणि गाडीतले सगळे दोष स्वतःच सांगायला घेतले. घड्याळ बंद आहे. उजव्या दारात पाऊस झिरपतो. पेट्रोल पिते, पाण्यासारखं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. पुण्यात वाढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की माहीत असते: विकणारा आपणहून तीन दोष सांगतो, तेव्हा चौथा लपवायचा असतो. चौथा शोधायला मी घरून फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट नेला होता. पत्रा गंजून आत पुट्टी भरलेली असेल, तर तिथे मॅग्नेट चिकटत नाही. गणपती सगळीकडे चिकटला. इतका सगळीकडे, की मला तेही बरं वाटेना.

मग मी मागच्या सीटवर बसून पाहिलं. पायाखाली जमीन सपाट. मोठ्या जुन्या गाड्यांत मधोमध एक उंचवटा असतो, त्याच्या खालून इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा जातो. इथे उंचवटाच नाही.

"हिचं सगळं काम पुढची चाकं करतात," बाई म्हणाल्या. "लक्षात ठेवा हं, महत्त्वाचं आहे."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाईंना आयुष्यभर माणसं झोपवायची सवय आहे.

तरी गाडी घेतली. कारण सोपं आहे, मी प्रेमात पडलो होतो. घरी बायकोने गाडीभोवती एक फेरी मारली, वेळ लागला, आणि एकच अट घातली. "ही ज्या दिवशी कुठे अडकेल, त्या दिवशी जिथून आणली तिथे परत. चर्चा नाही." मी हो म्हणालो. पुढचा महिनाभर मी गाडी चालवत नव्हतो, तिच्यावर पाळत ठेवत होतो.

मित्राला बोलावलं. त्याचं हॅरोतच किराणा दुकान आहे आणि जगात कुणाचं खरं नसतं या बाबतीत त्याचं माझं एकमत आहे. तो पालथा पडून खाली बघून आला.

"दांडा नाहीये रे."

"म्हणजे?"

"काढून विकला असणार. एवढी मोठी गाडी कधी पुढून ओढतात का? हत्तीला सोंडेने ओढतात का?"

"मग मी साउथहॅम्प्टनहून आलो कसा?"

त्याने जरा विचार केला. "उतार असेल."

हसू नका. मोटरवेवर उतार किती आहे ते मी त्या संध्याकाळी नकाशावर पाहिलं. इंटरनेटवर एका माणसाने लिहिलं होतं की या जातीच्या गाड्या पुढच्या चाकांवरच चालायच्या, तीच त्यांची ऐट. पण तोही तसलीच गाडी विकायला बसला होता. त्याचं कोण ऐकणार?

मग आली मंडळाची सहल. क्रॉयडनच्या पलीकडे एक शेत, गाड्या उतारावरच्या गवतात लावायच्या, आणि आदल्या दिवशी धो धो पाऊस. बायकोची अट डोक्यात होतीच. तेव्हा वडिलांची जुनी अॅम्बॅसेडर आठवली. चिखल दिसला की वडील डिकीत वजन टाकायचे, म्हणजे मागची चाकं जमीन धरतात. वडिलांवर माझा विश्वास आहे. मित्राच्या दुकानातून तांदळाची पोती आणली आणि डिकी गच्च भरली. गाडी मागून बसली, नाक वर. रुबाबदार दिसत होती.

खाली उतरली छान. संध्याकाळी वर चढायची वेळ आली तेव्हा हलेना. ॲक्सिलरेटर दाबला तर पुढची चाकं गरगर फिरली, आणि धक्का द्यायला पुढे सरसावलेल्या खजिनदारांच्या पांढऱ्या कुर्त्याचा रंग बदलला.

"पुढची फिरतायत," मित्र गंभीरपणे म्हणाला. "मागची मेलेली आहेत. फसवलं तुला."

बायको चपला हातात घेऊन बाजूला उभी होती, गाडीकडे नाही, माझ्याकडे बघत. ते जास्त वाईट.

मी तिथेच बाईंना फोन लावला, स्पीकरवर, म्हणजे साक्षीदार असावेत. पहिल्याच रिंगला उचलला, हेही मला खटकलं. मी मुद्देसूद आरोप केले: दांडा गायब, मागची चाकं निकामी, माझ्या विश्वासाचा गैरफायदा.

"गाडी कुठे आहे?"

"गवतात. चढावर."

"आणि डिकीत काय आहे?"

मी मित्राकडे पाहिलं. मित्राने झाडाकडे पाहिलं.

"तांदूळ," मी म्हणालो.

"किती?"

"बराच."

"म्हणजे मागे वजन टाकून तुम्ही पुढची चाकं उचललीत," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पेशंटला आकडे मोजायला सांगतात तसा सूर. "तांदूळ काढा आणि हळू निघा. आणि गाडी पसंत नसेल तर खुशाल परत आणा. मी सगळे पैसे देईन. ती गेल्यापासून मला तिची रोज आठवण येते."

हे शेवटचं वाक्यही सगळ्यांनी ऐकलं. बायकोनेही.

पोती एकेक करून उतरवली. मंडळातल्या लोकांनी हातोहात चढावर नेली, प्रत्येक जण जाताना काहीतरी बोलून. मग मी बसलो, हलकेच पाय दाबला. गाडीने जरा पाय घासले आणि वर निघाली, पुढून, बाईंनी सांगितलं होतं तसं. माथ्यावर थांबवली. इंजिन बंद करायचा धीर होईना. बायको चिखल तुडवत काचेपाशी आली.

"हे अडकण्यात धरू नये," मी घाईने म्हणालो. "गाडी अडकली नाही. मी अडकवली."

"तेच म्हणतेय मी," ती म्हणाली. "गाडी राहू दे. बाईंना परत फोन लावा आणि विचारा, तिच्याऐवजी तुम्हाला ठेवून घेतात का."