खोलीमागे वर्गणी

आमच्या गावात होळीची वर्गणी चुलीमागे घेतात. एका घरात भावाभावांच्या तीन चुली असतील तर तीन वर्गण्या, मग भाऊ एकमेकांशी बोलत असोत वा नसोत. या रिवाजामुळे आमची विहीर वाचली, असं मी शहरातल्या लोकांना सांगते तेव्हा त्यांना थट्टा वाटते. वाटू दे.

गाव शिरगावच्या अलीकडे, समुद्राजवळ. आमची पानवेलींची वाडी होती. पानवेल माहेरवाशिणीसारखी जपावी लागते. खारं पाणी तिला मुळीच सोसत नाही. ऐंशीच्या सुमारास बोईसरचे कारखाने वाढले, कामगारांना खोल्या हव्या झाल्या आणि पालघरपासून आमच्यापर्यंत जो तो बांधू लागला. प्रत्येक बांधकामाला बोअर, बोअरला पंप. गोडं पाणी असं उपसत राहिलं की त्याच्या जागी समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं. दोन उन्हाळ्यांत काकांच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि त्यांच्या वेली पिवळ्या पडून गेल्या. त्यांच्या शेजारची विहीर आमची.

बायकांच्या जागेवर आई पंचायतीत होती. तिने चहा प्यावा आणि गप्प बसावं अशी सगळ्यांची अपेक्षा. ती काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. ओढ्यावर बंधारा घालायचा, पावसाचं पाणी अडवून मुरवायचं, म्हणजे खार मागे हटेल, असं तिने मांडलं. पैसा कुठून आणायचा? जो बांधेल त्याने द्यावा, खोलीमागे वर्गणी. ग्रामसेवक म्हणाले, असा काही कायदा नाही.

"होळीच्या वर्गनीला तरी कुठला कायदा हाय?" आई म्हणाली. "कोन चुकवतो का?"

सभा हसली आणि ठराव झाला. हसणाऱ्यांत माझे वडीलही होते. मग आईने सांगितलं की सध्या गावात आमच्याच घरच्या खोल्या उठतायत, तेव्हा सुरुवात तिथून होईल. वडिलांचं हसू जागच्या जागी जिरलं.

वाडीचा भरवसा उरला नव्हता म्हणून ते भाड्यासाठी चार खोल्या बांधत होते. होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलेलं. आठवडाभर ते आईशी माझ्यामार्फत बोलत होते, ती समोर बसलेली असली तरी मला सांगायचे, "तुझ्या आईला सांग, चा कर." गावाबाहेर तीन मजली इमारत बांधायला मुंबईचा एक बिल्डर येणार होता. आपल्या घरची वर्गणी गेली नाही तर तो छदामही देणार नाही आणि बंधारा कागदावरच राहील, असं आई म्हणायची. तिचं बरोबर होतं, आणि तेच वडिलांना झोंबत होतं.

मग एका सकाळी वडिलांनी गाडीला बैल जुंपले. हाती पैसे नव्हते. चौथ्या खोलीच्या जोत्यासाठी आणलेला दगड त्यांनी गाडीत भरला आणि ओढ्यावर नेऊन ओतला. दिवसभर खेपा चालल्या.

त्यानंतर काही दिवसांनी बिल्डर आला. पंचायतीत न जाता तो थेट आमच्या ओट्यावर येऊन बसला. वहिनींच्या कानावर घाला, थोडी सूट मिळाली तर बरं होईल, असं त्याने वडिलांना गोड बोलून सांगितलं. वडिलांनी त्याला तिन्ही खोल्यांपलीकडची मोकळी जागा दाखवली.

"चौथी खोली बंधाऱ्यात गेली," ते म्हणाले. "तिने मला सूट दिली नाय, तुमाला कुठून देनार?"

बिल्डरने वर्गणी भरली. कुरकुरत भरली, पण पुढे बांधणाऱ्या सगळ्यांना त्याच्याकडेच बोट दाखवता आलं, म्हणून मी त्याचीही ऋणी आहे. बंधारा झाला. आमची विहीर गोडी राहिली आणि तिच्यावर पोसलेल्या पानांनी मला शिकवलं. आईवडिलांचे हे उपकार फेडण्यातले नाहीत, आणि मला ते फेडायचेही नाहीत.

बिल्डर आला त्या दुपारी आई वाडीत पानं खुडत होती. वडील काय म्हणाले ते मी धावत जाऊन तिला सांगितलं. तिने हातातली पानं खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "परत सांग."